चार खुंट्या, पाच तारा

२३ ऑगस्ट १९९७, शनिवार, संध्याकाळचे साडेसहा. रक्कम एक हजार तीनशे वीस रुपये. जागा आमचं बिबवेवाडीतलं घर. हजर तू, मी आणि कीबोर्ड वाजवणारा विजय. मंगल आत चहा टाकत होती, पण आमचं घर एवढंसं की ती हजरच धरायला हवी.

सुधीर, तुला जाऊन आज चाळीस दिवस झाले. तुझ्याबद्दल लिहायला बसलो की मला आधी हीच संध्याकाळ आठवते. दुसऱ्या बऱ्या आठवणी आहेत, त्या पुढे येतील. पण क्रमाने जायचं तर इथूनच जावं लागेल.

आपण एकाच कारखान्यात. तू तपासणी विभागात, मी हिशेबात. कामगार मंडळाचा हौशी ऑर्केस्ट्रा होता, त्यात तू बास गिटार वाजवायचास आणि मी खजिनदार होतो. मला सूर कळत नाही, हे तू चारचौघांत सांगायचास आणि ते खरं होतं. मला बिलं कळायची. त्या संध्याकाळी माझ्यापुढे अकरा महिन्यांतली तारांची तीन बिलं होती.

"सुधीर, आपल्या बासला खुंट्या किती?"

"चार."

"आणि या संचात तारा किती?"

तू बिल हातात घेऊन वाचलंस. तुझ्याच सहीचं बिल. "पाच."

"मग पाचवी कुठे बांधतोस? गळ्यात?"

विजय चष्मा पुसायला लागला. चार तारांचा संच नऊशेला मिळत होता, पाचांचा तेराशे चाळीसला. फरक चारशे चाळीस, गुणिले तीन. तेवढ्यात मंगल ट्रे घेऊन बाहेर आली. तू तिच्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, मग कपाकडे.

"चुकून आला संच."

"तीनदा?"

"माणूस तीनदा चुकू शकतो, खजिनदारसाहेब. तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा मी तीनदा गल्ली चुकलो होतो. कापून घ्या माझ्याकडून."

तीन हप्त्यांत तू पैसे भरलेस. मी पावत्या दिल्या. त्यानंतर तारांचं एकही बिल तू मंडळाकडे दिलं नाहीस आणि मला वाटलं, चोर पकडला.

चोर हा शब्द मी तुझ्यासमोर उच्चारला नाही. मनात मात्र अकरा वर्षं वापरला, म्हणून इथे लिहितो.

बास घ्यायला आपण दोघंच गेलो होतो, १९९३ साली. परदेशी वाद्यं दुकानांत उघड दिसायला लागली होती. त्याआधी तू कोणाकडून तरी उसनी, मान वाकडी झालेली बास आणायचास. कॅम्पातल्या त्या दुकानात भिंतीवर चार बास लटकत होत्या. तू एकेक उतरवायचास, मशीनला न जोडताच वाजवायचास आणि तिच्या शिंगासारख्या टोकावर हनुवटी टेकवून डोळे मिटायचास. मला लाज वाटत होती. मी विचारलं, हे काय चाललंय? तू म्हणालास, "लाकूड बोलतंय का बघतो. लाकूडच मुकं असेल तर मशीन काय डोंबल बोलणार?"

मी माझ्या परीने बघत होतो. शेजारी सहा तारांची साधी गिटार साडेचार हजारांना होती. चार तारांची बास साडेनऊ हजारांना. मी दुकानदाराला विचारलं, "दोन तारा कमी आणि भाव दुप्पट, हा हिशेब कसा?"

दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साहेब, तारांवर भाव असता तर संतूर कोणी घेतलं असतं का?"

तू इतका हसलास की बास खाली ठेवावी लागली. परतताना रिक्षात ती आपल्या दोघांच्या मांड्यांवर आडवी होती आणि तू मला समजावत होतास, की तार जितकी जाड आणि लांब तितका सूर खाली, म्हणून मान लांब, म्हणून लाकूड जास्त. मला एवढंच कळलं की बासचं काम खाली राहायचं असतं. कोणाला ऐकू येत नाही मग कशाला हवी, असं मी विचारलं. "काढून बघा एकदा," तू म्हणालास. भांडण तिथेच राहिलं. पुढे कितीतरी वेळा झालं आणि दर वेळी तिथेच राहिलं.

आता मंगलचं. ती माझी बायको म्हणून ऑर्केस्ट्रात आली नाही, आधी गायिका होती, हे तुझंच म्हणणं. आपल्याकडे गाणारा माणूस आपली उंची पेटीच्या पट्टीवरून सांगतो. मंगल काळी तीन सांगायची, आणि कोणी विचारलं नसलं तरी सांगायची. १९९६ च्या सुरुवातीला तिच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. सात महिने गाणं बंद. सप्टेंबरात ती पहिल्यांदा सरावाला आली तेव्हा अंतऱ्यात आवाज फाटला. तिने पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. "सवय गेली," ती म्हणाली. घरी आल्यावर म्हणाली, "पुढच्या वेळीही असंच झालं तर मी सोडून देईन. लोकांनी कीव करत टाळ्या वाजवलेल्या मला नकोत."

पुढच्या सरावाला आवाज नीट लागला. वरची जागा तिने अलगद घेतली. मी बाहेर जाऊन पाव किलो पेढे आणले. सगळ्यांना दिले. तू दोन खाल्लेस.

त्यानंतरच्या काही गोष्टी मला खटकत गेल्या. त्या मी एकमेकींना जोडल्या, पण चुकीच्या जोडल्या. एकदा मी सरावाच्या खोलीत लवकर पोचलो, तर तू कानशीने बासच्या मानेच्या टोकाच्या खाचा रुंद करत होतास. जिथून तारा खुंट्यांकडे जातात तिथल्या. मंडळाच्या मालमत्तेला कानस? मी विचारलं तर म्हणालास, "तार अडकते." मग एकदा तुझ्या घरी अलकावहिनींनी हसत सांगितलं, की तू जुन्या तारा त्यांच्या पातेल्यात सोडा घालून उकळतोस, म्हणजे त्यांचा मळ निघून आवाज पुन्हा खणखणतो. मी लगेच मनात नोंद केली: जुन्या उकळून वापरतो, तर नव्या जातात कुठे?

मग १९९८ मध्ये तुला नवा अँप हवा झाला. आपला होता तो दहा इंची स्पीकरचा, लग्नाच्या हॉलला पुरायचा. तुला पंधरा इंची हवा होता.

"आवाज कमी पडतो का?" मी विचारलं.

"आवाज मोठा नकोय. खोल हवाय. हा खाली गेला की फडफडतो."

"आजवर नाही फडफडला."

"आजवर एवढं खाली कोण गेलं होतं?"

मी नाही म्हटलं. तू वाद घातला नाहीस. दोन महिन्यांनी स्वतःच्या पैशांनी जुना पंधरा इंची अँप टेम्पोतून घेऊन आलास. मला प्रश्न पडला, सात हजार आले कुठून? सुपाऱ्या तू ठरवायचास. कार्यक्रमाची आगाऊ रक्कम, म्हणजे सुपारी, तूच घेऊन यायचास. मी एका गणपती मंडळाच्या कार्यकर्त्याला गाठून, तुला त्यांनी नेमके किती दिले, ते विचारलं. तू मला दिलेल्या आकड्याशी जुळलं. मी तरी दुसऱ्या एका मंडळात जाऊन विचारलं. तेही जुळलं. हे तुला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. कळलं असावं. त्या वर्षी दिवाळीला तू फराळाला आलास, पण चकली न घेता गेलास.

पुढे कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती आणली, तू घेतलीस. मंडळ मोडलं. बास तू घसारा वजा जाता माझ्या हिशेबाच्या किमतीला विकत घेतलीस, एका शब्दाने घासाघीस न करता. विजय हिंजवडीत कॉम्प्युटरच्या नोकरीत गेला. मग तिथल्याच कंपन्यांचे वार्षिक समारंभ, नव्या नव्या सोसायट्यांचे वर्धापनदिन, अशी आपली छोटी टोळी चालू राहिली. तू, विजय, ऑक्टोपॅडवाला, मंगल आणि हिशेबाला मी. विजय पुरुषांची गाणी म्हणायचा. मंगलच्या प्रत्येक गाण्याआधी तो चष्मा पुसायचा, हे मी बारा वर्षं पाहिलं. माणसाच्या चष्म्यावर धूळ बसते, असं मी समजत होतो.

तुझ्या जाण्याचा फोन अलकावहिनींनी केला. मी पोचलो तेव्हा तुला खाली ठेवलेलं होतं. मी हात जोडले आणि मनात काय आलं ते लिहितो, कारण ते लपवून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मनात आलं, आता कधीच कळणार नाही.

पंधराव्या दिवशी वहिनींनी मला बोलावलं. तुझी वाद्यं कपाटात होती, त्यांची किंमत काढायची होती.

"दुसरं कोणी जाणकार बघा, वहिनी. मला त्यातलं काय कळतं?"

"जाणकार येऊन रडत बसतात, भावजी. तुम्ही संशय घेऊन बघाल. मला तसाच माणूस हवाय."

बास बाहेर काढली. अँप पाहिला. कपाटाच्या खालच्या खणात बिस्किटांचा डबा होता. त्यात कागदी पाकिटं होती, न फाडलेली. प्रत्येकात एकेक तार, आणि प्रत्येकावर एकच खूण. सगळ्या एकाच जातीच्या, सगळ्यांत बारीक तारा. मी जमिनीवर बसून मोजल्या. एकोणीस. पुन्हा मोजल्या. मग बास मांडीवर घेतली. खुंट्या चार, तारा चार. पण सर्वांत जाड तार कपडे वाळत घालायच्या वायरीएवढी होती. इतकी जाड तार १९९३ मध्ये त्या बासवर नव्हती, हे मला नक्की आठवत होतं, कारण ती रिक्षात माझ्या मांडीवर होती.

म्हणजे तू पाच तारांचे संच घेत होतास, त्यातल्या चार जाड तारा लावत होतास आणि पाचवी, बारीक, न उघडता डब्यात टाकत होतास. तीन संच मंडळाच्या पैशांचे. सोळा तुझ्या स्वतःच्या. तू काही विकलं नव्हतंस. मग चोरलं काय, हे मला कळेना. संशय गेला नाही, उलट जास्तच पसरला.

मी विजयला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, कचेरीतून परस्पर आमच्या इमारतीखाली आला. वर येईना.

"दादा, तुम्ही विचाराल हे माहीत होतं. पण वर नको. ताई आहेत."

"मग इथेच सांग."

त्याने स्कूटर स्टँडवर लावली आणि सीटवरच बसून राहिला. "ताईंचा आवाज परत आलाच नव्हता."

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते पहिल्यांदाच कळत होतं. पहिल्या सरावानंतर तू विजयला म्हणालास, आपण खाली जाऊ. कीबोर्डला एक बटण असतं. ते दाबलं की बोटं त्याच पट्ट्यांवर चालतात, पण सूर खाली येतो. मंगल बघायची तर विजयचं बोट काळी तीनवरच असायचं. सूर मात्र तीन घरं, म्हणजे काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या, खाली. आमच्या घरी पेटी नव्हती, ताडून बघायला काही नव्हतं. तिला वाटलं, गळा मोकळा झाला.

"पण बासला बटण नसतं ना," विजय म्हणाला.

बासच्या सर्वांत जाड तारेचा सूर जिथे संपतो, त्याच्या खाली ही गाणी गेली. तिथले सूर वरच्या सप्तकात घेतले असते तर गाणं तळ गेल्यासारखं पोकळ वाजलं असतं, आणि मंगलच्या कानाने ते पकडलं असतं. तू आधी जाड तार ढिली करून खाली उतरवून पाहिलीस. ती लोंबकळली, मानेवरच्या पडद्यांवर आपटून खडखडायला लागली. मग पाच तारांच्या बाससाठी मिळतो तो संच आणलास आणि बारीक तार सोडून बाकीच्या लावल्यास. पहिला संच फार नरम निघाला. दुसरा इतका ताठ की मान वाकली, आतली सळई पिळून ती सरळ करावी लागली. तिसरा बसला. अकरा महिन्यांत तीन संच का, याचं उत्तर मला अकरा वर्षांनी स्कूटरच्या सीटवरून मिळालं.

आणि तारा एकेक खुंटी सरकल्यामुळे तुला सगळी गाणी नव्याने बसवावी लागली. फक्त मंगलची अडतीस नाही, विजयचीही. एकशे बारा गाणी. पुढे तिचा गळा आणखी उतरला, तेव्हा बटण तीनवरून चारवर गेलं, मग पाचवर. दर वेळी तू पुन्हा बसवलीस.

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला? तुम्ही वहीत लिहिलं असतं. आणि वही ताई वाचतात."

हे खरं आहे. मी लिहिलं असतं.

"सुधीरला एवढं काय पडलं होतं?" मी विचारलं. कसल्या आवाजात विचारलं ते विजयला कळलं असावं, कारण तो पुन्हा चष्मा पुसायला लागला.

"मीही विचारलं होतं. म्हणाला, नवी गायिका आणायची म्हणजे तिला सगळी गाणी शिकवत बसावं लागणार. त्यापेक्षा आपणच खाली उतरू."

सुधीर, हे मला पटलेलं नाही. नव्या बाईला अडतीस गाणी शिकवायची, की आपण एकशे बारा नव्याने शिकायची आणि पुढे दोनदा बदलायची? कमी काम कुठलं, हे सूर न कळणाऱ्यालाही सांगता येतं. कारण दुसरं काहीतरी होतं. काय असू शकेल याच्या दोन-तीन शक्यता मी मनात मांडून पाहिल्या. त्यातली एक मला आवडणारी नाही. पण बारा वर्षांत तू माझ्या घरी माझ्या गैरहजेरीत एकदाही आला नाहीस, हेही मला लिहावं लागेल. त्या संध्याकाळी एक वाक्य बोलला असतास तर सुटला असतास. ती ट्रे घेऊन उभी होती म्हणून तू बोलला नाहीस. एवढं मला मान्य करावं लागतं, आणि बाकीचं तू बरोबर घेऊन गेलास.

मंगलला सांगायचं की नाही? तू ठरवलेली एक सुपारी बाकी होती. वानवडीतल्या एका सोसायटीचा वर्धापनदिन, अठरा हजार ठरलेले, तीन आगाऊ घेतलेले. मंगल त्यात गाणार होती. तुझ्या जागी विजयच्या कचेरीतली ऋता नावाची मुलगी तुझीच बास वाजवणार होती. तिने बास हातात घेतली आणि म्हणाली, "काका, या तारा चुकीच्या क्रमाने आहेत. मी नॉर्मल संच लावते." म्हणजे तिला खरं सांगावं लागणार. मग ते तिला माहीत, विजयला माहीत, मला माहीत, आणि जिचा गळा तिलाच माहीत नाही. तू हे बारा वर्षं सांभाळलंस. मला तीन दिवसही जमलं नाही.

शुक्रवारी सकाळी ती मेथी निवडत होती.

"मंगल, तुझी पट्टी कुठली?"

"काळी तीन. का?"

मी सगळं सांगितलं. क्रमाने सांगितलं, मला तसंच येतं. तिने जुडी संपेपर्यंत मान वर केली नाही. देठ वर्तमानपत्रात गुंडाळले आणि विचारलं, "किती खाली?"

"आधी तीन घरं. आता पाच."

"तुम्हाला कधीपासून माहीत?"

"मंगळवारपासून."

"कुठल्या?"

"याच आठवड्यातल्या, अगं."

तिने माझ्याकडे पाहिलं. आमच्या लग्नाला तेवीस वर्षं झाली, असं तिने कधी पाहिलं नव्हतं. "आणि तेव्हा पेढे कोणी आणले होते?"

"मी."

"हं."

मी म्हटलं, मला खरंच वाटलं होतं आवाज परत आला. ती म्हणाली, "बारा वर्षं तुम्ही टाचणीचं बिल दोनदा तपासलंत. आणि हे तुम्हाला कळलं नाही?" यावर माझ्याकडे कागद नव्हता. मला सूर कळत नाही, हे सांगणारा तूच होतास, आणि तू साक्षीला नव्हतास. सुधीर, त्या वेळी मला कळलं की बिल पुढे धरलेलं असताना आणि खरं सांगायची सोय नसताना माणसाचं तोंड कसं होतं.

"मी वानवडीला गाणार नाही," ती म्हणाली.

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने खालच्या मजल्यावरच्या शिक्षकांकडून पेटी मागून आणली. मला वाटलं, रडेल. ती खिडकीशी बसून एकेक पट्टी दाबत, तोच अंतरा घेत गेली. काळी तीनला फाटला. काळी दोनला फाटला. तिने तो फाटलेला सूर मुद्दाम धरून ठेवला, पुरता ऐकला आणि मग आणखी खाली गेली. तासाभराने तिने विजयला फोन लावला.

"विजय, माझी पट्टी काळी एक. लिहून घे. बटणाला हात लावायचा नाही. काळी एकमध्ये बोटांनी वाजवायचं. अवघड जातं? मग सराव कर. सुधीरभावजींनी केला तसा." मग म्हणाली, "आणि त्या मुलीला सांग, तारा आहेत तशाच ठेव."

ऋताने ठेवल्या. तिला तुझी बास सवयीची व्हायला आठ दिवस लागले. मला म्हणाली, "काका, एवढ्या जाड तारा आणि मान अजून सरळ. ज्यांनी हे बसवलंय ना, त्यांना कळत होतं." मी म्हटलं, हो.

वानवडीला मंगल माईकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हे गाणं पूर्वी मी काळी तीनमध्ये म्हणायचे. आता काळी एकमध्ये म्हणते." समोरच्या कोणालाही त्याचं काही नव्हतं. पहिल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "जरा माईक जवळ घ्या." तिने घेतला.

ती कशी गायली हे मला सांगता येणार नाही. मी रंगमंचाच्या कडेला लोखंडी खुर्चीवर बसलो होतो, तुझ्या पंधरा इंची अँपपासून चार फुटांवर. ऋता सर्वांत जाड तारेवर आली की खुर्ची थरथरायची. पंधरा वर्षं मी तुझ्याशी भांडलो की बास ऐकू येत नाही. ती कानाने ऐकायची नसते, हे तू मला नीट सांगितलं नव्हतंस. की सांगितलं होतंस? एका गाण्यात तिचा आवाज खाली खाली आला आणि तुझी तार त्याच्याही खाली जाऊन थांबली. तेव्हा मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो. बाकी काही लिहीत नाही.

कार्यक्रम संपल्यावर तिथेच हिशेब केला. ठरलेले अठरा हजार. त्यातून साउंडवाल्याला सहा हजार, टेम्पोला नऊशे, ऑक्टोपॅडला दोन हजार, विजयला अडीच हजार, ऋताला दोन हजार. सुपारी तू ठरवलेली, बास आणि अँप तुझा, म्हणून अलकावहिनींना अडीच हजार. त्या नको म्हणत होत्या, मी पाकीट त्यांच्या पर्समध्ये घातलं. उरले दोन हजार शंभर. उरलेलं मी नेहमी पुढच्या खर्चाला ठेवतो. मी ते खिशात घालत होतो, तर मंगलने हात पुढे केला.

"आणि माझे?"

"तुझे? तू तर घरचीच."

"घरची म्हणून बारा वर्षं फसवलंत. आता बाहेरची समजा."

मी फसवलं नव्हतं. सांगून उपयोग नव्हता. विजय चष्मा पुसत होता.

दोन हजार शंभर रुपये रोख, मंगलला दिले. तिने मोजून घेतले. मग माझ्याकडे बघून पुन्हा एकदा मोजले.